हत्तिणीचं नाव

आमच्या घरात दिवसभर एकाच बाईचं नाव. माझं नव्हे हो, एका हत्तिणीचं! नवरा अभयारण्यात हत्तींवर नजर ठेवायच्या कामाला. कुठला कळप कुठे चरतोय, कुणाला पिल्लू झालं, सगळं बघायचं. पण चहा पिताना, शेळ्या कोंडताना तोंडी तीच. मी म्हणायचे, "अहो नाइसुलाचे बाबा, तिलाच आणा की घरात. मी जाते माहेरी."

"तिला वेळ हवा ना! तुझ्यासारखी रिकामी आहे होय ती?"

गेल्या दुष्काळात ती कळप घेऊन डोंगरापलीकडे गेली. पाऊस पडल्यावर कळप परतला, पण पुढे तिची लेक होती. तिच्या गळ्यातल्या रेडिओच्या पट्ट्याची टिकटिकही बंद. हे रोज टेकडीवर जाऊन अँटेना फिरवायचे. "म्हातारी झालीय, येत असेल मागून," म्हणायचे. मला राग यायचा आणि कीवही.

मग सुक्या ओढ्यात हाडं सापडली. यांचे साहेब म्हणाले, तीच. हे म्हणाले, "कान कुठायत? कानाच्या चिरा बघितल्याशिवाय मी हत्ती ओळखत नाही."

हत्तीची हाडं दिसली की आम्ही सांबुरू जमातीची माणसं त्यांवर हिरवी डहाळी ठेवतो, घरचं माणूस गेल्यावर ठेवतात तशी. यांनी ठेवली नाही. का, ते मला कळलं. मेलेल्याचं नाव आमच्यात घेत नाहीत. डहाळी ठेवली की नाव संपलं.

"पुरे झाला हट्ट," म्हणत एका सकाळी मीच त्यांना तिथे घेऊन गेले. तेवढ्यात नदीकडे निघालेला तोच कळप आला. आम्ही खडकाआड दडलो. लेकीनं सोंडेनं कवटी चाचपली, जबडा उचलला, अलगद खाली ठेवला. सगळे तहानलेले, पण एकही हत्ती हलेना. यांच्या डोळ्यांना धार लागली. कळप गेल्यावर यांनी डहाळी तोडली आणि हाडांवर ठेवली.

कामावरची पोरं अजून तिचं नाव घेतात, तेव्हा हे उठून बाहेर जातात. घरी मात्र चहा घेताना काहीतरी सांगायला तोंड उघडतात आणि गप्प होतात. मी चुलीत लाकूड सारत बसते. किती विटले होते मी त्या नावाला! आता जीव तुटतो. वाटतं, एकदा तरी, चुकून का होईना, यांच्या तोंडून निसटावं. मी ऐकलंच नाही असं दाखवीन.