वात की वेड

तेव्हा मी ठाण्याच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली होतो. एके दुपारी कोलशेतच्या एका म्हाताऱ्या मिठागरवाल्याला त्याच्या धाकट्या भावाने बैलगाडीतून आणले. बरोबर म्हाताऱ्याची बायको होती. म्हाताऱ्याचे हात बांधलेले होते आणि तो छताकडे बघून खाडीच्या पाण्याला शिव्या देत होता.

"याला वेड लागलंय," भाऊ म्हणाला. "वेड्यांच्या इस्पितळात धाडायला चिठ्ठी द्या."

"कधीपासून?"

"परवा तर मिठावर काम करत व्हता."

इतक्या घाईने वेड लागलेला माणूस मी पाहिला नव्हता. बायको म्हणाली, "सकालचं मना वलखतान. दुपार झाली का मनाच आय म्हनतान."

सकाळ-दुपार बघून येते ते वेड नसते, तो वात, म्हणजे आजारातला भ्रम असतो, एवढे मला शिकवले होते. वाताला शरीरात काहीतरी कारण असते. मी दोरी सोडायला लावली. भाऊ दाराजवळ जाऊन उभा राहिला.

"बाबा, फाल्गुनापासून उलटे महिने सांगा."

"फाल्गुन, माघ," म्हातारा म्हणाला आणि चादरीवरून नसलेली काटकी उचलून त्याने मला दिली. मी ती घेतली.

अंगात ताप नव्हता. ताप असता तर काम सोपे होते. मी छाती पाहिली, जीभ पाहिली, मग पोटावर हात ठेवला. बेंबीखाली नारळासारखे टणक लागले. दाबताच म्हाताऱ्याने माझ्या थोबाडीत मारली.

"यांना लघवी कधी झाली?"

दीर आणि भावजय एकमेकांकडे बघू लागले. असल्या गोष्टीची चौकशी घरात कोणी केली नव्हती. शेवटी बायको म्हणाली, "काल नाय झाली. आजपन नाय."

मी चांदीची नळी उकळून घेतली, लघवीच्या वाटेने आत घातली आणि थांबत थांबत मूत्राशय रिकामे केले. एक भांडे भरले, मग दुसरे मागवावे लागले. म्हातारा बोलायचा थांबला आणि झोपला.

त्याला आम्ही ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी तो थोडा भरकटत होता, तिसऱ्या सकाळी त्याने बायकोला बायको म्हटले. ती तोंडाला पदर लावून बाहेर जाऊन बसली. मनगटावरचे वळ बघून त्याने भावाला विचारले, "हे कुनी केलं?"

"गारीतनं परशील म्हनून बांधला," भाऊ म्हणाला. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "भूत उतरवाया घरी भगत बसवलाय. त्याला काय सांगू?"

"जेवू घाला," मी म्हणालो, "आणि घरी पाठवा."