हिराबायची मिसरीची डबी

लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा मी मिसरी गिळली. आता सांगायला लाज कसली, तेव्हाच्या माझ्याइतकी मठ्ठ नवरी आमच्या टेमघर गावात दुसरी आली नसेल. माझी थोरली जाऊ हिराबाय मागच्या पडवीत बसून डबीतली काळीभोर, भाजलेली तंबाखू बोटानं दातांना घासत होती. तिच्या ऐटीवर भाळून मीही चिमूटभर लावली आणि तेवढ्यात सासूबाई आल्या. “थुक, गिलू नको!” हिराबाय कुजबुजली. पण सासूसमोर थुंकायचं कसं? माहेरचं वळण दाखवायला मी सगळं गिळलं. मग घेरी, ओकाऱ्या... सासूबाईंनी आनंदानं देवापुढे नारळ फोडला. नातू येणार म्हणून! हिराबायनं पदर तोंडात कोंबून हसू दाबलं, आणि आठवड्यात नातू येत नसतो हे सासूबाईंना समजावायलाही तीच गेली.

पुढे एवढी वर्षं आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिलो, भांडलो, नातवंडं वाढवली. शेजारी कापड विणायच्या लूमचा कारखाना, दिवसभर खडखडाट, त्यामुळे प्रेमाचं बोलायचं तरी ओरडूनच. “नर्मदे, उठलीस का मेलीस?” ही तिची सकाळची हाक. ती जाऊन महिना होत आला. लूम चालू आहेत, आणि मी अजून सकाळी अंथरुणात थांबून राहते... हाक आल्यावर उठू म्हणून.

तिला साखरेचा आजार होता. नातवाच्या लग्नाच्या गडबडीत तिच्या गोळ्या राहिल्या. मी विचारलं, तर म्हणे, “हलद लागू दे, मंग घेन.” हळद लागली, वरात आली, पाहुणे गेले, गोळ्या फडताळातच. एका सकाळी ती भिंतीपलीकडून म्हणाली, “नर्मदे, डावा गाल माजा वाटतच न्हाय गं.” “मग कुणाचा वाटतो? व्याह्यांचा?” मी म्हटलं, आणि आम्ही दोघी खूप हसलो. तुम्ही वाचताय म्हणून सांगते, साखरेच्या माणसाचा गाल बधिर झाला तर हसू नका. दोन-चार दिवसांनी तिच्या नाकपुडीच्या कडेला काळं दिसलं. मी म्हटलं, “म्हातारे, आता नाकालाही मिसरी?” पदर ओला करून पुसायला गेले. निघेना. जोर लावून घासलं, तरी ती हूं की चूं नाही. तिला दुखलं कसं नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. आणि या वेळी मी काही नवी नवरी नव्हते, पणजी व्हायला टेकलेली बाई होते.

डोळा सुजून मिटला तेव्हा तिचा मुलगा दिनेश आम्हाला भिवंडीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी तिच्या तोंडात बॅटरी मारली. टाळू काळी. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “मिसरी लावते ती, डॉक्टर.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “आजी, मिसरी चूळ भरली की जाते.” साखर मोजायच्या मशीनवर आकडाच येईना, इतकी वर गेलेली. त्यांनी आम्हाला तिथूनच मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं.

“काळी बुरशी ना? ती तर कोरोनात होती,” दिनेश म्हणाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की ही आधीही होती, अजूनही आहे. मातीत, कुजक्या पाल्यात, हवेत असते, आपण सगळेच ती नाकात घेतो. साखर अशी बेफाम झाली की ती रुजते, रक्ताच्या वाटा बंद करत नाकातून डोळ्यात, डोळ्यातून मेंदूत शिरते. रक्त पोचत नाही तिथलं मांस मरतं, काळं पडतं. मी ज्याला पदरानं घासत होते ते माझ्या जावेचं मेलेलं मांस होतं.

डोळा काढला, टाळूचा तुकडा काढला. औषध शिरेतून चढे, तशी ती थरथर कापायची. लूमच्या खडखडाटातही ऐकू येणारा तिचा तो आवाज आता नाकातून वाहून जायचा. दिनेशलाही तिचं बोलणं कळेना, मला कळायचं. तिची डबी मी कमरेला लपवून नेली होती, लावायला नाही, नुसती हातात धरायला. ती तिच्या मुठीत देऊन मी रडत सांगितलं, “बाय, मी मिसरी समजले गं. तेव्हाच आणलं असतं तर...” उरलेल्या डोळ्यानं तिनं मला नीट बघून घेतलं. “येरे,” मला वेडीत काढत ती म्हणाली, “मना पन मिसरीच वाटली. रोज आरशान बगत व्हती मी.”

दुसऱ्या दिवशी ती जागी झाली नाही. बुरशी मेंदूत पोचली होती.

डबी आता माझ्या फडताळात आहे, माझ्या गोळ्यांशेजारी. उघडवत नाही. हॉस्पिटलातल्या त्या शेवटच्या संध्याकाळी मी निघाले तेव्हा तिनंच ती माझ्या हातात परत दाबली होती. मला वाटलं, आता ही आशीर्वाद देणार... तोंडाची शाबूत बाजू हलली, हसू दाबताना हलायची तशीच, आणि हिराबाय म्हणाली, “तुज्याकरं ऱ्हाऊ दे. पन गिलू नको.”