घरात आम्ही दोघं आणि एक बोका

केमोच्या पहिल्या डोसानंतर घरी सोडताना सिस्टरने विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

"आम्ही दोघं नवरा-बायको," मी म्हटलं आणि जरा अडखळले. "आणि एक बोका."

बोक्याला जेटीवर सोडून या, असं नणंदेने आधीच बजावलं होतं. आता हीसुद्धा तेच सांगणार, म्हणून माझे डोळे भरून आले. देवरूखकडची ती सिस्टर, माझ्या मुलीच्या वयाची. खुर्ची ओढून शेजारी बसली.

"काकू, सोडायचा कशाला? तुमची प्रतिकारशक्ती सध्या कमी आहे, तेवढं सांभाळायचं. त्याची शी-शूची रेतीची पेटी तुम्ही साफ करायची नाही. त्याला कच्ची मासळी बंद, बाहेर हुंदडणं बंद. कुरवाळलंत की साबणाने हात धुवायचे. ओरखडा उठला तर लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचा आणि आम्हाला फोन करायचा."

"मग पेटी कोण साफ करणार?"

तिने ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले. पण घरी आल्यावर पेटी ह्यांनीच उचलली.

हे शुद्ध शाकाहारी. बोक्याला मासळी घालायच्या त्या शेजारच्या भाभी, मधल्या दगडी गडग्यावरून. आता भाभींनी आणून दिलेली मांदेली हे मागच्या पडवीत नाकाला पंचा बांधून उकडू लागले. "भाऊ, काटे काढा हां!" भाभी पलीकडून शिकवायच्या. दोन दिवस बोक्याने नुसता वास घेऊन पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी हे धावत आत आले. "अगो, खाल्लंन सगळं!"

एकदा खिडकीतून माझ्या मांडीवर उडी मारताना त्याचं नख मनगटाला लागलं. मी नळाखाली हात धरला, ह्यांनी फोन लावला. सिस्टरने लगेच बोलावून घेतलं. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या, आठवडाभर ताप बघायला सांगितला. ताप काही आला नाही. बोक्याला मात्र ह्यांचं तासभर व्याख्यान ऐकावं लागलं.

पुढे सगळे डोस पार पडले, रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. परवा भाचीच्या लग्नाला मालगुंडला गेलो होतो, कितीतरी दिवसांनी. मला गप्पा मारायच्या होत्या, पण पंगत उठते न उठते तोच हे चपला घालून दारात उभे.

"चल लवकर. तो एकटा आहे घरी."