जैनथची फूलवाली

हैदराबाद राज्य मोडून किनवट मुंबई राज्यात आणि आदिलाबाद आंध्रात जायला चार दिवस उरले होते, तेव्हा मी किनवटहून आदिलाबादजवळच्या जैनथला देवदर्शनाला गेलो. देवळाबाहेरची फूलवाली हार ओवता ओवता प्रत्येकाला गाव विचारत होती. माझं गाव ऐकताच तिचे हात थांबले.

"माही लेक तिकडं दिली हाये. दिवस भरत आले तिचे. हद्द पडल्यावर आमाले येऊ देतीन का?"

"कोणी अडवणार नाही," मी म्हणालो.

"निजाम गेला तवाबी सारे असंच म्हनत होते. माहे घरधनी बाजारले गेले, ते आलेच नाई."

तिने टोपली शेजारणीकडे सरकवली आणि उभ्या असलेल्या किनवटच्या गाडीकडे निघाली. दर्शन न घेताच मीही तिच्यामागे गेलो. माझ्या शब्दावर माझाच भरवसा उरला नव्हता.