पोटावर वळ नव्हता

सकाळी सहाला पुण्याहून निघाले. लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करते, म्हणून बारामतीच्या डॉक्टरांनी व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय होता, मार खाल्लेल्या मुलाच्या पोटातली दुखापत ओळखायची कशी. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि फोटो यांत तास गेला. मला दहा मिनिटं मिळाली, त्यातली दोन माईकनं खाल्ली.

"पोटाला बरगड्यांचं कवच नसतं," मी सांगितलं. "लाथ थेट आत पोचते. वर वळ उठेलच असं नाही." पहिल्या रांगेतले एक डॉक्टर जोरजोरात मान डोलवत होते. मग त्यांनीच मला इंदापूरला चिलापी (उजनी धरणातला मासा) खायला न्यायचं ठरवलं.

भवानीनगरपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. पुढे डॉक्टरांच्या दवाखान्यात 'दोनच मिनिटं' थांबलो. बाकावर तीन वर्षांची सोनी आजीच्या मांडीवर पडली होती, शेजारी तिचे वडील.

"बेंबी सरकलीया," आजी म्हणाली. "दोनदा तेल लावून चोळली, तरी हिरवं ओकतीया. झोपाळ्यावरनं पडली व्हती."

"पायरीवरनं," वडील म्हणाले.

डॉक्टरांनी झगा वर केला. "वळ वगैरे काही नाही. गॅस असेल." माझं डोकंच फिरलं. पोटावर हात ठेवला, तर पाटासारखं कडक. सोनी रडली नाही, वडिलांच्या पायांकडे बघत राहिली.

"चोळणं बंद. हिला आत्ता पुण्याला न्यायचं. पोलिसांनाही कळवायचं."

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, घर चांगलं आहे हो. हिचे आजोबा गावात मानाचे."

"त्यांच्या मानानं आतडं शिवता येतं?"

पोलिसांना आणि रुग्णवाहिकेला फोन मीच केला. मासा राहिला. रुग्णवाहिकेत सोनी, आजी आणि मी पुण्याला परतलो. पोट उघडलं, आतडं फाटलेलं होतं. शिवलं, पोरगी वाचली.

डॉक्टरांना कळत नव्हतं, असं मला वाटत नाही. घर चांगलं होतं ना, म्हणून कळून घ्यायचं नव्हतं. याला दहा मिनिटं काय, दहा तासांचं व्याख्यानही पुरणार नाही.

आठव्या दिवशी टाके काढले. वडिलांची चौकशी चालू होती, सोनीला कुठे ठेवायचं हे बालकल्याण समितीनं अजून ठरवलं नव्हतं. आजी कौतुकानं म्हणाली, "बरी झाली गं माझी बाय! आता घरी जायाचं."

सोनीनं दोन्ही हातांनी पोट धरलं. "दुखतंय."

मी तपासलं. पोट मऊ होतं. कागदावर लिहिलं, 'पोट दुखतंय. मुक्काम वाढवावा.'