खुणा केलेला पाइप

बॉनेटवर पंजा पालथा ठेवायचा आणि म्हणायचं, "सायेब, चहा पिऊन या." मिस्त्रींच्या भाषेत याचा अर्थ, इथून निघा. टपरी समोरच होती, पण तिथून काही दिसायचं नाही, कारण बॉनेट उघडायच्या आधी मिस्त्री शटर अर्धं ओढून घ्यायचे. आता तुम्हीच सांगा, ज्याचं काम सरळ आहे त्याला अर्धं शटर कशाला लागतं?

सातपूरला कारखान्यांच्या मागे त्यांचं गॅरेज होतं. माणूस मूळचा नामपूरचा, बोलण्यात अहिराणी डोकवायची. हौशी लोक जुन्या जीपा सजवायला त्यांच्याकडे आणायचे. इंजिन असं चकाचक करून द्यायचे की त्यावर ताट वाढावं. ना वायर दिसायची, ना पाइप. विचारलं तर म्हणायचे, "दिसनं ते फसनं." म्हणजे दिसलं की काम फसलं. मला नेमकं उलटं वाटायचं. जे दिसत नाही तिथेच माणूस फसतो.

माझी नोकरीच तशी होती. कारखान्यात स्टोअरकीपर, चिठ्ठीशिवाय कुणाला साधा नट दिला नाही. त्यात आधीच्या एका गॅरेजवाल्यानं माझ्या जीपची नवी बॅटरी काढून जुनी बसवली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीही फुंकत होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बायको पेठच्या बाजूला शाळेत शिक्षिका. दर सोमवारी पहाटे मी तिला जीपनं सोडायचो. जीपला कापडी हूड, तिला दमा, आणि डिसेंबरात सावळघाटात असा गारठा की पोहोचेपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. एका सोमवारी तर तिला शाळेऐवजी थेट दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हा मी घाबरलो आणि जीपला हीटर बसवायचं ठरवलं.

इंजिनातलं गरम पाणी दोन पाइपांनी आत फिरवायचं, एवढंच ते काम. पण पाइप हलका निघाला आणि घाटात फुटला तर? म्हणून पाइप मीच मुंबईहून आणला. आणि मिस्त्रींनी तो बदलू नये म्हणून बायकोची नेलपॉलिश घेऊन त्यावर वीत-वीत अंतरानं लाल ठिपके दिले. हसू नका. गाडी गॅरेजला टाकताना स्टेपनीवर गुपचूप खूण तुम्हीही केली असेल.

"कावीळ झालीय तुम्हाला," बायको म्हणाली. "सगळं जग पिवळं दिसतंय."

मिस्त्रींनी पाइप हातात घेतला, फिरवून पाहिला. ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मला चहाला पाठवलं, तेही लागोपाठ तीन दिवस.

तिसऱ्या दिवशी शटर वर होतं, बॉनेट उघडं. इंजिन देखणं दिसत होतं, पण पाइप कुठेच नाही. एक ठिपकासुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पुन्हा टोपी घातली आपल्याला. टॉर्च काढून मी आत वाकलो आणि कोपरा न् कोपरा धुंडाळायला लागलो.

"काय दखी राह्यनात, सायेब?" मागून मिस्त्री.

"काही नाही. असंच."

त्यांनी भिंतीवरचा दाढीचा आरसा काढला आणि मडगार्डच्या कडेखाली धरला. "दखा."

आरशात दोन्ही पाइप होते. कडेला बिलगून, क्लिपांनी आवळून, बोट शिरणार नाही अशा जागेतून आत नेलेले. आणि ठिपके सगळे खालच्या बाजूला, एका ओळीत.

"वर ठेवले असते तर काम घाण दिसलं असतं," मिस्त्री म्हणाले. "पुसले असते तर तुम्हाला झोप लागली नसती. म्हणून खाली फिरवले. मोजी ल्या." मग खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. आत कापून उरलेला तुकडा होता. त्यावर दोन ठिपके.

मी मोजले नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला लागलो तर म्हणाले, "राहू द्या सायेब. जमाना खराब शे. तुमचं काय चुकलं?"

पुढच्या सोमवारी बायको घाटभर बोलत होती. हेडमास्तरांच्या सगळ्या तक्रारी मी पहिल्यांदाच आनंदानं ऐकल्या.

पण त्यानंतर मिस्त्रींनी मला एकदाही चहाला पाठवलं नाही. नुसतं ऑइल बदलायला गेलो तरी स्टूल पुढे करायचे. "बसा. दखा." काढलेला प्रत्येक नट माझ्या तळहातावर ठेवायचे आणि बसवताना मागून घ्यायचे. दुसरं गिऱ्हाईक आलं की त्याला टपरीवर पिटाळायचे, तो हसत जायचा. मी बसलेलाच. एकदा न राहवून मीच म्हणालो, "मिस्त्री, मी जरा चहा पिऊन येतो."

"नका जाऊ सायेब," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही समोर असलेलं बरं."

दहाएक वर्षं अशी गेली. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी घरी भेटायला गेलो. त्यांच्या बायकोनं मला नीट निरखलं. "ते जीपवाले सायेब तुम्हीच ना?"

मी मान हलवली.

"आमच्या ह्यांनी जन्मात कुणाला काम दखू दिलं नाही. सख्ख्या भावाला पण नाही. तुम्हाला मात्र जवळ बसवायचे." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "एवढा भरवसा त्यांचा कुणावरच नव्हता."

मला तळहातावरचे ते सगळे नट आठवले.

"हो वहिनी," मी म्हणालो. "फार भरवसा होता."