वहिनीचं रेकॉर्डिंग

त्या रविवारी दुपारी बारामतीच्या कॉलेजच्या हॉलमध्ये मी पियानोवर बसले, तेव्हा पहिल्या रांगेत आमचं अख्खं घर होतं. आई, दादा आणि वहिनी; दादाची पोर तेवढी आजोळी होती. शेळगावहून मुद्दाम आले होते. आपली मुलगी पुण्यात इतकी वर्षं नक्की काय वाजवते, हे आईला एकदाचं बघायचं होतं.

आमच्या शेडात डाळिंबं निवडायला येणाऱ्या बायकांच्या गप्पा मी रेकॉर्ड केल्या होत्या. पियानोबरोबर त्या गप्पा स्पीकरमधून यायच्या आणि माझं वाजवणं ऐकून संगणक त्या जागच्या जागी बदलायचा. मी जोरात वाजवलं की शब्दांचा पार भुगा. हळू वाजवलं की शब्द अगदी स्वच्छ. पहिले दोन भाग दणक्याचे होते, तिसरा जवळजवळ गप्प, एकेक सूर, म्हणजे बायकांचं बोलणं लोकांना नीट ऐकू यावं. कुठलं रेकॉर्डिंग कधी लावायचं ते संगणकच ठरवायचा. मला त्याचं कोण कौतुक! हौस दांडगी ना.

तिसरा भाग सुरू झाला. कळस गावच्या एका म्हातारीनं सुनेच्या चहाला नावं ठेवली आणि हॉल हसला. आईसुद्धा हसली. मग स्पीकरमधून आवाज आला, "वन्सं, एक बोलू का?"

वहिनीचा आवाज. बाकीच्या बायका जेवायला उठल्यावर वहिनी एकटी माझ्यापाशी बोलली होती, ते हे. मला ह्या घरात राहायचं न्हाय. पोरीला घेऊन बारामतीत खोली करणार हाय, शाळेत नोकरी बघितलीय. ह्यांनी यायचं तर यावं. हे रेकॉर्डिंग वापरायचं नाही असं मी ठरवलं होतं. आणि सकाळी घाईत अख्खं फोल्डर जसंच्या तसं दुसऱ्या लॅपटॉपवर ओतलं. माझ्यासारखी शहाणी मीच! लॅपटॉप हॉलच्या पार मागं, मित्राकडं. मी स्टेजवर. तिथनं ओरडणार तरी काय?

"मला ना, ह्या घरात..."

दोन्ही पंजे मी पियानोवर आदळले. शब्दांचा चुरा झाला. सूर गेला खड्ड्यात, मी नुसती बडवत सुटले. जरा हात सैल पडला की "पोरीला घेऊन" असं काहीतरी डोकं वर काढायचं, की पुन्हा दणका. तीन मिनिटं हेच. मनगटं भरून आली, करंगळीचं नख तुटलं. दादा मान वाकडी करून स्पीकरकडं बघत होता. ओळखला की काय ह्यानं आवाज? वहिनीकडं बघायची तर माझी छातीच झाली नाही. देवा, संपू दे एकदाचं, एवढंच मनात. शेवटी "आल्या बघा बाया" हे तिचं वाक्य आलं आणि मी हात उचलले.

टाळ्या पडल्या. आई म्हणाली, "कानठळ्या बसल्या बाई. त्या म्हातारीचं तेवढं कळलं." दादा गाडी काढायला गेला, आई त्याच्या मागोमाग. माझा जीव भांड्यात पडला.

वहिनी पाण्याची बाटली घेऊन स्टेजपाशी आली.

"मीच हुते न्हवं ती?"

"हो गं. चुकून लागलं. पण घाबरू नकोस, कुणाला एक शब्द कळला नाही."

"ह्यांनाबी न्हाय?"

"नाही. शप्पथ."

तिनं बाटलीचं झाकण काढलं आणि ती माझ्या हातात दिली. तिचे डोळे भरले होते.

"मी कधी म्हणले वन्सं, कुणाला सांगू नका? माझ्या तोंडानं घरात निघत न्हाय, म्हणून तर माईकापुढं बोलले. आज सुरू झालं तवा पदर घट्ट धरून बसले हुते. म्हणलं, आता कळतंय समद्यांना. सुटले एकदाची."

बाहेर दादानं हॉर्न वाजवला. ती गेली आणि गाडीत मागच्या सीटवर आईशेजारी बसली.